बेरिल हॉयल आणि हाय बँकचं फाटक

बेरिल हॉयलशी वैर पत्करू नये, हे क्रॅगथॉर्पमध्ये आल्यावर मला पहिल्याच वर्षी कळलं. तिच्या शेजाऱ्याने कुंपणाची झुडपं तिला न विचारता हातभर छाटली होती. बेरिल त्याला एका शब्दाने बोलली नाही. तिने आपल्या हद्दीत, आपल्या पैशाने, भराभर वाढणारी तीन झाडं आणून लावली. काही वर्षांनी शेजाऱ्याच्या काचघरावर ऊन येईनासं झालं आणि त्याच्या टोमॅटोंनी रंग धरणं सोडून दिलं. तो तक्रार घेऊन आला तेव्हा तिने त्याला चहा दिला, केक दिला, आणि झाडं किती छान वाढलीत नाही, असं म्हणाली. नियम तिने आयुष्यात कधी मोडला नाही. नियमातच माणसाला पुरेसं छळता येतं, असं तिचं मत होतं.

तिचं सगळं आयुष्य प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं. गावातल्या निम्म्या लोकांनी तिच्या हातचं कस्टर्ड खाल्लेलं आहे आणि ताटात गाजर टाकल्याबद्दल तिची नजरही खाल्लेली आहे. बुटकी, रुंद, पांढऱ्या केसांचा बॉयकट. धावायची ती चाळिशीनंतर, नवऱ्यामुळे. तिचं धावणं बघण्यासारखं काही नव्हतं. बस निघायला अजून थोडा वेळ आहे हे ठाऊक असलेल्या माणसासारखी ती धावायची. पण थांबायची नाही. चढ असो, चिखल असो, तीच चाल.

नवरा नॉर्मन. तो पोस्टात होता आणि धावपटूंच्या आमच्या क्लबचा प्राण होता. आमच्या म्हणतो, कारण मी त्या क्लबचे हिशेब बघतो. मी स्वतः कधी धावलो नाही. इथल्या गालिच्यांच्या गिरणीत हिशेबनीस म्हणून आलो, गिरणी बंद पडली, मी राहिलो, आणि आकडे कळणारा माणूस म्हणून गावातल्या प्रत्येक मंडळाने मला धरून नेलं. नॉर्मनने वीसेक वर्षांपूर्वी एक शर्यत सुरू केली. माळरानावरून पन्नास किलोमीटर, वर्षातून एकदा, जूनमध्ये. मिळालेला सगळा पैसा सेंट ऑस्विन हॉस्पिसला जायचा. माणसाची अखेर जिथे दुखण्याशिवाय व्हावी म्हणून सांभाळतात, ते ठिकाण. शर्यतीची सुरुवात नॉर्मन पितळी घंटा वाजवून करायचा, आणि शेवटाला पोचणाऱ्या प्रत्येकाला बेरिल आपल्या हाताने 'पाय' वाढायची, मैद्याच्या पारीत मटण आणि मटार भरून भट्टीत भाजलेली. शेवटचा माणूस येईपर्यंत ती भट्टी विझवायची नाही.

त्या शर्यतीची वाट हाय बँक नावाच्या जुन्या शेतघराच्या अंगणातून जायची. अंगणापलीकडे एक लोखंडी फाटक, त्यापुढे मेंढ्यांचं कुरण, मग माळ. हाय बँकचा म्हातारा मालक विल्फ त्या दिवशी सकाळपासून फाटक धरून उभा राहायचा. कुणाला थांबून कडी काढावी लागू नये म्हणून. प्रत्येकाला तो त्याच्या धावण्यावरून काहीतरी टोमणा मारायचा आणि लोक तो टोमणा वर्षभर सांगत फिरायचे.

विल्फ गेला, आणि घर जाइल्स पेनरोझने घेतलं.

जाइल्स दक्षिणेकडचा. लंडनला विमा व्यवसायात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला. माणूस देखणा, बोलणं मऊ. गोठ्याची त्याने काचेची बैठक केली, शेणाच्या जागी हिरवळ आणली, आणि दोनच वर्षांत गावातल्या प्रत्येक समितीवर बसला. तिसऱ्या वर्षी त्याने शर्यतीला संमती नाकारली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या नकाशात जी सार्वजनिक पायवाट आहे ती तुमच्या अंगणातून जात असली तरी तुम्हाला ती अडवता येत नाही. चालणाऱ्याने चालावं, धावणाऱ्याने धावावं. पण शे-दोनशे माणसांची ठरवून केलेली शर्यत न्यायची, तर मालकाची लेखी संमती लागते. ती नसेल तर विमा मिळत नाही, आणि विम्यातली माणसं विमा कसा मिळत नाही हे इतरांपेक्षा चांगलं जाणतात. जाइल्सने पत्र पाठवलं ते शर्यतीच्या तीन आठवडे आधी. वाट बदलायला वेळ उरू नये इतपत उशिरा.

नॉर्मन तेव्हा सेंट ऑस्विनमध्येच होता. ज्या हॉस्पिससाठी त्याने इतकी वर्षं पैसे गोळा केले, तिथल्या खिडकीजवळच्या खाटेवर. डॉक्टरांनी कबूल केलं होतं की शर्यतीच्या सकाळी त्याला चाकाच्या खुर्चीतून आणू. घंटा त्याने उशाशी मागवून घेतली होती. नर्स वैतागायच्या, कारण तो ती अधूनमधून वाजवून बघायचा.

बेरिल हाय बँकवर गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाकडे काही मागायला गेली असेल. एवढं एकच वर्ष जाऊ द्या, म्हणाली. जाइल्स दारात वाकून आपल्या कुत्र्याचे पाय टॉवेलने पुसत होता. त्याने मान वर केली नाही.

"हल्ली लोक व्हर्च्युअल शर्यती करतात, मिसेस हॉयल," तो म्हणाला. "आपापल्या दारातून निघायचं, हवं तिथे धावायचं, घड्याळ अंतर मोजतं. कुणाला त्रास नाही. तसं काहीतरी करा ना."

मग त्याने कुत्र्याचा चौथा पाय पुसला आणि दार लावून घेतलं.

शर्यत रद्द झाल्याचं नॉर्मनला बेरिलनेच सांगितलं. त्यानंतर त्याने घंटा वाजवली नाही. शर्यत व्हायची होती त्या शनिवारच्या आधीच तो गेला. जाइल्सने त्याला मारलं असं कुणी म्हणणार नाही, बेरिलही म्हणाली नाही. ती म्हणायची, त्याने नॉर्मनचे शेवटचे पंधरा दिवस खाल्ले. आणि अंत्यविधीनंतरच्या चहाला जाइल्स काळा टाय लावून आला होता, हेही ती सांगायची. तिचे दोन्ही हात त्याने आपल्या हातांत घेतले आणि नंतर हॅमची दोन सँडविचं खाल्ली. ती तिने स्वतः केली होती.

त्यानंतर कित्येक महिने तिने काहीच केलं नाही. ज्यांना त्या तीन झाडांची गोष्ट ठाऊक होती ते गप्प बसून वाट बघत होते.

पुढल्या वसंतात हॉस्पिसचं पत्रक आलं. या वर्षी निधीसाठी व्हर्च्युअल अल्ट्रामॅरेथॉन. जूनच्या एका शनिवारी, ज्याने त्याने आपल्या आवडीच्या वाटेवर, पन्नास किलोमीटर. संध्याकाळी सहाच्या आत घड्याळातली नोंद पाठवायची. त्याच आठवड्यात मला दुसरं एक पत्र आलं, जाड कागदावर. हॉस्पिसला मदत करणाऱ्यांसाठी मिस्टर आणि मिसेस पेनरोझ यांच्या बागेत दुपारचं भोजन. हॉस्पिसचे हिशेब मी फुकट तपासून देतो, म्हणून मला आमंत्रण. जाइल्सला हॉस्पिसच्या विश्वस्त मंडळावर बसायचं होतं, हे मला आणि बऱ्याच जणांना माहीत होतं. तारीख तोच शनिवार. व्हर्च्युअल शर्यत म्हणजे कुठेच काही नसतं, अशी त्याची समजूत असावी.

मी ते आमंत्रण बेरिलला दाखवलं. ती कणीक मळत होती. हात न पुसता तिने वाचलं, कागदावर बोटांचे ठसे उमटले. मग तिने खिडकीतून वर हाय बँककडे बघितलं. तिचं घर हाय बँकच्या उताराच्या पायथ्याशी आहे. तिच्या दारातून निघून गल्लीने वर जायचं, पेनरोझांच्या अंगणातून, फाटकातून, कुरण चढून माळाच्या भिंतीकडेने वळसा घालून परत दारात. पाचेक किलोमीटर. तिने मनात भागाकार केलेला मला दिसला.

मी विचारलं, तुला नेमकं काय हवंय? माफी?

"माफी तोंडाने मागतात," ती म्हणाली. "त्याचं तोंड चालूच असतं. त्याने ते फाटक धरून उभं राहायचं. विल्फ उभा राहायचा तसं. मी येईन, तो धरेल, मी जाईन. एवढंच बघायचंय मला. मग मेले तरी चालेल."

तो काही धरायचा नाही, मी म्हणालो. तिने माझ्याकडे फक्त एक काम सोपवलं. भोजनाला जा, फाटकाकडे तोंड करून बस, आणि पोटभर जेव.

शनिवार लख्ख उजाडला. मी दुपारी बाराला पोचलो तेव्हा बेरिलच्या चार फेऱ्या झालेल्या होत्या, पण त्या फेऱ्यांच्या वेळी अंगणात फक्त खुर्च्या मांडणारी माणसं होती. आता पांढऱ्या शामियान्याखाली चाळीसेक पाहुणे होते. थंडगार सॅमन, काकडी, कोवळे बटाटे, स्ट्रॉबेरी आणि साय. मुख्य पाहुण्या डोरोथिया लम, हॉस्पिसच्या अध्यक्षा. काठी घेऊन चालणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या, आणि कुणाचंही वाक्य अर्ध्यात न सोडणाऱ्या बाई. जाइल्सने त्यांना आपल्या उजवीकडे बसवलं होतं.

तो उठून स्वागताचे दोन शब्द बोलत होता. करुणा हा शब्द त्याने नुकताच उच्चारला होता, तेवढ्यात बेरिल गल्लीतून अंगणात आली. हॉस्पिसचा जांभळा बनियन, पाठीवर पिनांनी लावलेला कागद: नॉर्मनसाठी. ती टेबलांमधून तिच्या त्या बस पकडायच्या चालीने गेली.

"नमस्कार जाइल्स," म्हणाली, आणि फाटकाशी पोचली.

त्या फाटकाबद्दल सांगायला हवं. लोखंडाच्या आडव्या पट्ट्यांचं, जड. विल्फने ते असं टांगलं होतं की कडी सुटली की उताराने आपसूक आतल्या बाजूला उघडायचं. बंद करताना जोर लावून आदळावं लागायचं, तरच खटका बसायचा. आणि मेंढ्यांच्या मुलखात फाटक जसं सापडलं तसंच मागे लावून जायचं, हे इथल्या मुलांना चालण्याआधी शिकवतात. बेरिलने ते नियमाप्रमाणे लावलं. आवाज असा झाला की शामियान्यातल्या काचेच्या पेल्यांनी एकमेकांना विचारलं, काय झालं.

डोरोथिया लमनी पाठीवरचा कागद वाचला होता. आपल्या हॉस्पिससाठी धावतेय ही बाई, त्या म्हणाल्या, आणि काठी टेबलाला टेकवून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. जाइल्सनेही वाजवल्या. धर्मादायासाठी धावणाऱ्या माणसाकडे बघून कपाळाला आठी घालणं हे या देशात कुणालाच जमत नाही.

पाऊण तासाने ती पुन्हा आली तेव्हा जाइल्स टेबलांच्या अलीकडे वाट बघत उभा होता. हसतमुखाने, आवाज खाली ठेवून तो म्हणाला की गल्लीने सरळ गेलं तर वाट जास्त सपाट आहे, तिला सोपं पडेल. बेरिल जागच्या जागी पाय हलवत राहिली आणि तिने आवाज खाली ठेवला नाही.

"पण कल्पना तुमचीच ना, जाइल्स. आपापल्या दारातून निघायचं, हवं तिथे धावायचं. मी माझ्या दारातून निघालेय."

डोरोथियाबाईंनी ते ऐकलं. या व्हर्च्युअल शर्यतीची कल्पना जाइल्सची होती हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही, त्या म्हणाल्या. खरं का हे, जाइल्स?

नाही म्हणायला त्याला अर्ध्या क्षणाची मुभा होती. पण सगळी टेबलं त्याच्याकडे कौतुकाने बघत होती, आणि विश्वस्त मंडळाची खुर्ची त्याच्या उजव्या हाताला बसून स्ट्रॉबेरी खात होती. हो, तो म्हणाला, मीच मिसेस हॉयलना सुचवलं होतं. पुन्हा टाळ्या पडल्या. त्याने मान लववली.

मी फाटकाकडे तोंड करून बसलो होतो, त्यामुळे बेरिलचा चेहरा मला दिसला. मासा गळाला लागल्यावर दोरी सैल सोडणाऱ्या माणसाचा असतो तसा. तिने फाटक आदळलं आणि कुरण चढू लागली.

पुढल्या फेरीला ती डोरोथियाबाईंच्या खुर्चीपाशी दोन पावलं हळू झाली. "त्यांनी सुचवलं तेव्हा मी त्यांच्या दारात नॉर्मनच्या शर्यतीची संमती मागायला आले होते," म्हणाली, आणि गेली. खाड्.

पाहुण्यांमध्ये कुजबूज सुरू झाली. कुठली शर्यत? कोण नॉर्मन? माझ्या शेजारच्या बाईंनी मला विचारलं. मी म्हणालो, तोंडात बटाटा आहे. एरवी दोन वाजता उठणारी मंडळी कॉफीचा दुसरा पेला मागून बसून राहिली. जाइल्स हसत एका टेबलावरून दुसऱ्याकडे फिरत होता. बिचारीचा नवरा गेला, दुःखाने माणसाला काहीबाही आठवतं, असं तो सांगत असल्याचं माझ्यापर्यंत आलं.

मग त्याने एक गोष्ट केली, जी इथे जन्मलेला माणूस तापात बरळतानाही करणार नाही. बेरिलच्या जाण्यापेक्षा त्या आवाजानेच लोकांच्या माना वळतात असं त्याला वाटलं असावं. तो सहज फेरफटका मारल्यासारखा फाटकाशी गेला, कडी काढली, फाटक सताड उघडं सोडलं आणि परत आला.

मेंढ्यांना फारसं कळत नाही म्हणतात, पण उघडं फाटक कळतं. आधी एक आली. तिने निळ्या फुलांच्या ताटव्याचा वास घेतला आणि पसंत पडल्याचं मागच्यांना कळवलं असावं, कारण दहा मिनिटांत हिरवळीवर वीस-पंचवीस मेंढ्या होत्या. एक शामियान्यात शिरून सॅमनखालची सॅलडची पानं खेचत होती. थाळी पडली. कुणाची तरी टोपी पडली. जाइल्सने रुमाल हलवत त्यांना हाकलायला सुरुवात केली, तशा त्या टेबलांखाली पांगल्या. शेवटी पलीकडच्या शेतातून ईनॉक आला. मेंढ्या त्याच्या. त्याने कुत्र्याला शीळ घातली आणि पाचच मिनिटांत कळप कुरणात परत गेला. जाइल्सने संतापून मागून फाटक लाथेने ढकललं. जुना खटका तुटून गवतात पडला आणि फाटक उताराने हळूच परत उघडलं.

पलीकडे मेंढ्या बघत उभ्या होत्या.

जाइल्सने दोन्ही हातांनी फाटक लोटून धरलं आणि ईनॉककडे बांधायला दोरी मागितली. ईनॉकच्या कोटाच्या खिशातून पेंढ्या बांधायच्या निळ्या दोरीची दोन टोकं लोंबत होती, ती माझ्यासकट निम्म्या पाहुण्यांना दिसत होती. त्याने खिसे वरूनच चाचपले.

"नेमकी आज नाही बघ," ईनॉक म्हणाला. "घरून आणतो. तोवर हाताने धरून ठेव, भल्या माणसा. सोडू नकोस हं, आता त्यांना चव कळलीय."

तो निघाला, घाई अशी नव्हती, आणि गल्लीत वळण्याआधी त्याने माझ्याकडे बघून फक्त भुवई उचलली.

म्हणून बेरिल पुढल्या फेरीला आली तेव्हा जाइल्स पेनरोझ पांढऱ्या पँटवर मेंढीच्या पायांचे डाग घेऊन फाटकाशी उभा होता. ती जवळ आली की त्याला ते उघडावं लागणार होतं, कारण न उघडणं म्हणजे सार्वजनिक वाट अडवणं, तेही चाळीस जणांसमोर. बेरिल आधी डोरोथियाबाईंपाशी जागच्या जागी पाय हलवत राहिली.

"नॉर्मन तेव्हा तुमच्याकडे होता, मिसेस लम," ती म्हणाली. "खिडकीजवळच्या खाटेवर. पितळी घंटा घेऊन."

डोरोथियाबाईंनी चमचा खाली ठेवला. घंटा त्यांना आठवत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं. जाइल्सची बायको फिलिपा कॉफीची किटली घेऊन मध्येच उभी राहिली. मृदू स्वभावाची बाई, गावात तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

"तू मला म्हणालास, क्लबनेच शर्यत बंद केली," ती नवऱ्याला म्हणाली.

तो फाटक धरून होता. उत्तर द्यायला तिच्याजवळ जायचं तर ते सोडावं लागलं असतं. तिथूनच ओरडून द्यायचं तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं. त्याने फाटक उघडलं, बेरिल त्याच्या समोरून गेली, त्याने तिच्यामागे ते लोटून घेतलं, आणि या वेळी आवाज झाला नाही.

इतक्यावर तिने सोडलं असतं तर चाललं असतं, असं नंतर काही जण म्हणाले. जे म्हणाले ते नॉर्मनला ओळखत नव्हते. तिचं अंतर अजून उरलं होतं, आणि बातमी तोवर दरीभर पसरली होती. क्लबची तीसेक माणसं त्या दिवशी आपापल्या वाटेने हीच शर्यत धावत होती. कुणी कालव्याकडेने, कुणी धरणाभोवती. तीननंतर त्यांच्या वाटा एकेक करून हाय बँककडे वळल्या. प्रत्येकाच्या पाठीवर कागद होता. कुणाच्या आईसाठी, कुणाच्या भावासाठी, आणि खाली दुसऱ्या अक्षरात, घाईने लिहिलेलं: नॉर्मनसाठीही. ते एकट्याने येत, नाही तर दोघंदोघं. शर्यत नव्हतीच ती, सार्वजनिक वाटेवर चालती माणसं होती. प्रत्येकासाठी जाइल्सने फाटक उघडलं, मेंढ्यांना पायाने मागे ढकललं, फाटक परत लोटलं. प्रत्येकाने त्याला हसून धन्यवाद दिले. एक जण म्हणाला, विल्फ गेल्यापासून इथे असं कुणी उभंच राहत नव्हतं, बरं वाटलं.

पाहुणे निघू लागले. एरवी ते यजमानाचा हात हातात घेऊन निरोप घेतात. पण यजमानाचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून लांबूनच हात हलवून गेले. डोरोथिया लम मात्र काठी टेकत हिरवळ ओलांडून त्याच्यापर्यंत गेल्या. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. फार नाही बोलल्या. त्या वळल्या तेव्हा जाइल्सच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. विश्वस्त मंडळावर त्या हिवाळ्यात दुसऱ्याच माणसाची नेमणूक झाली, पण ते नंतरचं.

बेरिलची शेवटची फेरी पाचच्या सुमाराला. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, एक गुडघा आत वळत होता, ओठांवर मीठ वाळलं होतं. ती फाटकाशी आली आणि दिवसभरात पहिल्यांदाच पूर्ण थांबली. अंगणात आता मी, आणि टेबलं आवरणारी माणसं. फिलिपा आत निघून गेली होती.

जाइल्सने फाटक धरलं होतं. तो म्हणाला की त्याची चूक झाली. पुढल्या वर्षी शर्यत इथून जाऊ दे. आत्ता लिहून देतो, शशीच्या हातात देतो, तो माझ्याकडे मान वळवून म्हणाला, क्लबचा माणूस इथेच आहे. आवाज खरा वाटला मला. दमलेल्या माणसाचा आवाज बहुतेक खरा असतो.

बेरिल त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती. बोटांवर गंज लागला होता, एका तळव्याला फोड येऊन फुटला होता. तिने ते शांतपणे, पोट भरेपर्यंत बघितलं.

"लिहून द्या," ती म्हणाली. "सोमवारी. आत्ता हात मोकळे नाहीत तुमचे."

ती फाटकातून पलीकडे गेली. त्याने मागून विचारलं, अजून किती जण यायचेत?

"व्हर्च्युअल शर्यत आहे, जाइल्स," ती म्हणाली. "कोण कुठून येईल, मला कसं ठाऊक असणार?"

आणि ती कुरण चढू लागली. गुडघा तसाच आत वळत होता.

मी सहा वाजेपर्यंत थांबलो. सहाला नोंदी बंद होतात. क्लबच्या सगळ्यांची अंतरं पूर्ण झाल्याचं माझ्या फोनवर आलं होतं, बेरिलचं सर्वांत शेवटी. आता त्या वाटेने येणारं कुणी उरलं नव्हतं. मी टाय सैल केला आणि फाटकापाशी गेलो. जाइल्सने मला विचारलं, झाले का सगळे?

हिशेबाच्या बाबतीत मी आजवर कुणाला खोटं सांगितलेलं नाही. मी म्हणालो, काही जण फार हळू असतात. आणि खाली उतरलो.

बेरिल आपल्या दारातल्या दगडी पायरीवर बसली होती, बूट काढून, पाय गार पाण्याच्या बादलीत सोडून. शेजारी बशीत मटणाच्या 'पाय'चा तुकडा. मी पोचताच तिने तोंडातला घास गिळला.

"धरलंय अजून?"

"धरलंय."

बरं वाटतंय का, मी विचारलं. गुडघा गेलाय बहुतेक, ती म्हणाली, बाकी झकास. मग संमतीचं काय, विचारलं. घे की, ती म्हणाली, सोमवारी सकाळी नऊलाच जा, त्याचा विचार बदलायच्या आत, आणि दोन प्रती करून घे. नॉर्मनची शर्यत आहे ती, माझ्या रागासाठी अडायला नको. पण राग माझा आहे, तो शर्यतीबरोबर सुटणार नाही. पुढल्या जूनमध्येही तो तिथेच उभा राहिला पाहिजे. ती अट लिहून घेता येईल का, तिने मला अगदी गंभीरपणे विचारलं. मी म्हणालो, मसुदा करून बघतो.

आम्ही तिथे बसून ती मटणाची 'पाय' खाल्ली. वर हाय बँकच्या अंगणात शामियाना उतरवत होते, त्यामागे फाटकाशी एक पांढरा ठिपका दिसत होता. उन्हं लांबली तरी तो हलला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी, आपल्या दाराबाहेर, ईनॉक खुर्ची टाकून पाइप ओढत बसला होता. दोरी घेऊन तो कधी वर गेला ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.